नागपुरात आमदार कार्यालय किंवा सामाजिक संस्थेत पहिली इंटर्नशिप: कामाचा क्रम, वेळापत्रक आणि नेहमीच्या चुका

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात आलं की आमदार निवासाच्या फाटकाजवळ प्लास्टिकचं फोल्डर घेऊन उभी असलेली मुलं-मुली दिसायला लागतात. फोल्डरमध्ये तीन पानी बायोडाटा, गुणपत्रिकेची झेरॉक्स, एनएसएसचं प्रमाणपत्र. बाहेर आलेल्या एखाद्या स्वीय सहायकाच्या हातात ते देऊन मुलं परत जातात आणि महिनाभर फोनची वाट बघतात. फोन येत नाही. मग वाटतं, आपली ओळख नव्हती म्हणून झालं नाही. प्रत्यक्षात त्या दिवसांत कोणत्याही कार्यालयाकडे नव्या माणसाला काम समजावून सांगायला दहा मिनिटंही नसतात. ते फोल्डर कुठल्या तरी गाडीच्या डिकीत जातं आणि तिथंच राहतं.

मी काही वर्षं एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात आवक-जावक सांभाळली. आता एका सामाजिक संस्थेत क्षेत्रकामाचं नियोजन बघते आणि इंटर्न निवडायचं कामही माझ्याकडे आहे. दोन्हीकडे गोंधळ एकच. मुलं आधी अर्ज करतात, मग ते ठिकाण काय करतं ते बघतात, आणि आपल्याला काय येतं याचा विचार मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर करतात. हा क्रम फिरवायचा आहे.

टप्पा १: आधी काम ठरवा

"एनजीओत काहीही चालेल" किंवा "राजकारणात अनुभव हवा आहे" असं लिहिलेला अर्ज मी बाजूला ठेवते. तुम्हाला कोणत्या टेबलावर बसवायचं हे मला ठरवावं लागणार असेल, तर ते ठरवायला माझ्याकडे वेळ नाही.

राजकीय बाजूला विद्यार्थ्याला मिळू शकणारी कामं साधारण चार प्रकारची. जनसंपर्क कार्यालयातली तक्रारी, शिफारसपत्रं आणि पाठपुरावा. विधिमंडळाचं काम, म्हणजे सभागृहात विषय ज्यांतून निघतात ते तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, पुरवणी मागण्या यांच्यासाठी माहिती गोळा करणं आणि टिपण लिहिणं. समाजमाध्यमांचं काम. आणि बूथपातळीचं काम: मतदार यादी, नवीन नोंदणीचा फॉर्म ६, दुरुस्ती आणि स्थलांतराचा फॉर्म ८, निवडणुकीच्या काळात सर्वेक्षण. बहुतेकांना समाजमाध्यमांचं काम हवं असतं, कारण तेच बाहेरून दिसतं. शिकायला सगळ्यात जास्त मिळतं ते जनसंपर्क कार्यालयात, आणि तिथं मागणारे सगळ्यात कमी.

तिथली एक सकाळ सांगते. साडेनऊला शटर वर जायच्या आधी बाकावर सात-आठ माणसं बसलेली असतात. एका मावशींच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा आहे. आधार उघडून जन्मतारीख बघितली तर वय ६६. संजय गांधी योजना ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी, त्यांचा अर्ज श्रावणबाळ योजनेत जायला हवा. वर रेशनकार्डावर नाव "शकुंतला" आणि आधारवर "शकुंतलाबाई". जन्मतारीख न बघता शिफारसपत्र टाइप करून दिलं, की त्या तहसील कार्यालयात जाणार, दिवसभर रांगेत उभ्या राहणार आणि संध्याकाळी तेच पत्र घेऊन परत येणार. पत्र लिहायला पाच मिनिटं लागतात, त्याआधी कागद नीट बघायला वीस. हे वीस मिनिटांचं काम ज्याला जमतं त्याला कार्यालय सोडत नाही.

सामाजिक संस्थांत कामाची विभागणी जास्त स्पष्ट असते. क्षेत्रकाम, म्हणजे वस्तीत किंवा गावात जाणं, बैठका, गृहभेटी. माहितीचं काम, ज्याला सगळे एमआयएस म्हणतात: फॉर्म तपासणं, एक्सेल, मासिक अहवाल. निधी आणि अहवाललेखन. हिशेब. वाणिज्य शाखेच्या मुलांना वाटतं की हे क्षेत्र फक्त समाजकार्याची पदवी घेतलेल्या बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूवाल्यांचं आहे. पण निधीचा विनियोग दाखला (मिळालेला पैसा कशावर खर्च झाला याचं प्रमाणपत्र) कसा बनतो हे समजणारा मुलगा संस्थांना शोधूनही सापडत नाही.

पडताळणी: एका कागदावर एक वाक्य लिहा: "मला अमुक काम आठवड्याला इतके तास, अमुक महिन्यांसाठी करायचं आहे." ते लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: अर्जाआधीची तयारी, साधारण सहा आठवडे

बायोडाटा सजवण्यात जाणारा वेळ इथं द्या.

*कोणतं काम कोणाकडे, हे पाठ करा.* नागपुरात याला फार महत्त्व आहे, कारण एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या यंत्रणांकडे असू शकतात. महानगरपालिका आहे, तिचे १० झोन आहेत. १९३६ पासूनची नागपूर सुधार प्रन्यास आहे. शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. ग्रामीण भागात जिल्हा परिषद, पंचायत समिती. वीज महावितरणची, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे. एखाद्या ले-आऊटमध्ये (भूखंड पाडून झालेल्या वसाहतीत) गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी नाही अशी तक्रार आली तर पहिला प्रश्न हाच की ले-आऊट कोणाचं, सुधार प्रन्यासचं (नासुप्रचं) की महापालिकेकडे हस्तांतरित झालेलं? एकदा आमच्याकडच्या एका हुशार इंटर्नने असं पत्र चुकीच्या कार्यालयाला पाठवलं. उत्तर आलं तीन आठवड्यांनी, आणि ते एका ओळीचं होतं: सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही. तीन आठवडे त्या गल्लीतले लोक तुंबलेल्या पाण्यातून जात होते. तो मुलगा नंतर स्वतः जाऊन त्यांना भेटला आणि पत्र नव्याने घेऊन गेला.

तयारी म्हणून आपल्याच प्रभागाचा एक तक्ता करा. पाणी, गडर, रस्ता, पथदिवे, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान. प्रत्येकासमोर यंत्रणा, कार्यालय कुठे आहे आणि तक्रार कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे जाते. हा तक्ता करायला चार-पाच दिवस पायपीट करावी लागते. करा.

*मराठी टायपिंग युनिकोडमध्ये.* मोबाइलवर बोलून मजकूर उतरवता येतो, पण कार्यालयात संगणकावर बसावं लागतं. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका. जुन्या फाइली अजूनही जुन्या फॉन्टमध्ये सापडतात आणि त्या उघडल्या की चित्रविचित्र अक्षरं दिसतात, त्यामुळे फॉन्ट बदलून युनिकोडमध्ये आणायची पद्धतही माहीत असू द्या. शासकीय पत्राचा साचा (प्रति, विषय, संदर्भ, महोदय) डोळे मिटून लिहिता आला पाहिजे.

*एक्सेल.* फिल्टर, सॉर्ट, पिव्होट टेबल, दुहेरी नोंदी काढणं. सुरुवातीला एवढं पुरतं.

*माहितीचा अधिकार.* २००५ च्या कायद्याखाली एक अर्ज स्वतः करून बघा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न नेमका विचारला नाही तर उत्तर कसं निसटतं, हे स्वतःच्या अर्जावरून जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही. तयारी सुरू करताच, पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. उत्तर इंटर्नशिपच्या अर्जाच्या वेळेपर्यंत हातात येईल.

*आणि एक नमुना काम.* माझ्या मते निवड होते ती याच्यावर. राजकीय कार्यालयासाठी एक पानी टिपण: एखादा स्थानिक प्रश्न, तो कोणाच्या अखत्यारीत, आतापर्यंत काय झालं, कागद काय सांगतात, पुढे कोणता प्रश्न विचारता येईल. संस्थेसाठी २० घरांचं छोटं सर्वेक्षण: कोबो टूलबॉक्सवर (मोबाइलवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचं साधन) बनवलेला फॉर्म, स्वच्छ केलेली एक्सेल शीट आणि एक पान निरीक्षण. विषय छोटाच घ्या. "विदर्भातील शेतकरी आत्महत्या" या विषयावर एक पानात तुम्ही नवीन काही सांगू शकणार नाही. "आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत पावसाळ्यात हजेरी का घटते" यावर सांगू शकाल.

सावधान: सर्वेक्षणात कोणाचा आधार क्रमांक लिहून घेऊ नका, कार्डाचे फोटो काढू नका. बसायच्या आधी आपण कोण, माहिती कशासाठी, हे सांगा आणि होकार घ्या. "ही माहिती भरली की योजना मिळेल का?" असं कोणी विचारलं तर स्पष्ट सांगा, नाही. ती आशा तोडायला जीवावर येतं, तरी सांगा. कारण तुम्ही गेल्यावर त्याच दारात पुढचा कार्यकर्ता उभा राहणार असतो.

टप्पा ३: ठिकाण शोधा आणि तपासा

संस्था शोधायचा सगळ्यात उपयोगी मार्ग फार कमी मुलं वापरतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक निव्वळ मूल्य, उलाढाल किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, यालाच सीएसआर म्हणतात. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. अशा कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं. त्यात प्रकल्प, जिल्हा, खर्च आणि काम राबवणाऱ्या संस्थेचं नाव छापलेलं असतं. ज्या संस्थेकडे आत्ता चालू प्रकल्प आहे तिलाच माणसं लागतात. परिशिष्टातून आपल्या भागातली पाच-सहा नावं काढा. एक दुपार पुरते.

नाव मिळालं की तपासा. नोंदणी कशाखाली आहे: १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा, १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा की कलम ८ ची कंपनी? नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद आहे का? आयकर सवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी या नावाने ओळखली जाणारी) आहे का? परदेशी निधी येत असेल तर त्यासाठीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी चालू आहे का? विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण अहवाल देतात. तो मागायला संकोच करू नका. चांगल्या संस्थेला असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आवडतो.

दोन सापळे. पहिला, पैसे मागणारी इंटर्नशिप. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, प्रमाणपत्राचं शुल्क, नाव काहीही असो, पैसे देऊ नका. दुसरा सापळा जास्त पसरलेला आहे. जाहिरात असते "सोशल वर्क इंटर्नशिप, घरबसल्या", आणि रुजू झाल्यावर एक लिंक देऊन सांगतात की अमुक हजार रुपये देणगी गोळा करा, लक्ष्य गाठलं तर प्रमाणपत्र. मुलं मावशी-मामांकडून, मित्रांकडून पाचशे-पाचशे रुपये मागतात. महिन्याअखेर हातात एक पीडीएफ असते, आणि त्यांनी एकही वस्ती बघितलेली नसते. जाहिरातीत "फंडरेझिंग" हा शब्द असेल तर आधीच विचारा: लक्ष्य आहे का, आणि ते पूर्ण न झाल्यास काय?

शहराबाहेर जायची तयारी असेल तर विदर्भासारखी जागा नाही. गडचिरोलीत १९८६ पासून सर्च ही आरोग्यावर काम करणारी संस्था आहे आणि तिचा तरुणांसाठीचा निर्माण हा उपक्रम आहे, हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प, वरोऱ्याला आनंदवन. नागपुरातच १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी सुरू केलेला मातृ सेवा संघ आहे, झोपडपट्टीतल्या मुलांसोबत फुटबॉलच्या माध्यमातून काम करणारी स्लम सॉकर आहे. प्रत्येकाची स्वयंसेवक घेण्याची स्वतःची पद्धत आणि वेळ असते. आधी विचारून, तारीख घेऊन जा. न सांगता पाचजणांनी गाडी काढून हेमलकशाला पोहोचणं ही मदत होत नाही, त्यांच्या स्वयंपाकघरावर ओझं होतं.

राजकीय कार्यालय तपासायचं ते वेगळ्या पद्धतीनं. तिथं नोंदणी क्रमांक नसतो. बाकावर बसून तासभर बघा. आलेल्या माणसाला पाणी विचारतात का, कागदाची नोंद रजिस्टरमध्ये होते का, बाईमाणूस एकटी आली तर तिच्याशी कसं बोलतात. मला जे कळायचं ते त्या तासात कळतं.

टप्पा ४: महिना बरोबर निवडा

विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये आणि पावसाळी अधिवेशन जून-जुलैच्या सुमारास मुंबईत होतं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे माहिती गोळा करायचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरात असतं. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी काम करायचं असेल तर ऑगस्टमध्ये कार्यालयात जा. तेव्हा रुजू झालात तर डिसेंबरपर्यंत तुम्ही घरचे झालेले असता आणि विधानभवनाचा प्रवेश पास मिळण्याचीही शक्यता असते.

संस्थांचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मार्चमध्ये सगळे अहवाल आणि हिशेबात बुडालेले असतात, तेव्हा फोन करू नका. उन्हाळ्यातल्या कामासाठी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात विचारा. आणि मे महिन्यात नागपुरात वस्तीत फिरायचं म्हणजे काय, याचा प्रामाणिक विचार करा. आम्ही त्या दिवसांत सकाळी सातला निघतो आणि अकराच्या आत परत येतो. दुपारी क्षेत्रभेट ठेवणाऱ्या संस्थेला कारण विचारा.

परीक्षेच्या तारखा आधीच सांगा. ऐनवेळी "मॅडम, पेपर आहे" असा मेसेज आला की त्या दिवशी ठरलेली बैठक रद्द करावी लागते, आणि त्या बैठकीसाठी वीस बायांनी रोजी बुडवलेली असते.

टप्पा ५: संपर्क

साहेबांना भेटायचा हट्ट सोडा. इंटर्न घ्यायचा की नाही हे स्वीय सहायक किंवा कार्यालय प्रमुख ठरवतो, संस्थेत प्रकल्प समन्वयक ठरवतो. नेहमीचा संवाद असा असतो:

"भाऊ, साहेबांना भेटायचं होतं."
"साहेब मुंबईला आहेत. काम काय?"
"इंटर्नशिपसाठी आलो होतो."
"बायोडाटा ठेवून जा."

इथं संपलं. हाच मुलगा असं बोलला तर:

"भाऊ, तुमच्याशीच बोलायचं होतं. आमच्या ले-आऊटच्या गडरलाइनचं एक टिपण केलंय, एक पान आहे. आठवड्यातून तीन दिवस पाठपुराव्याच्या कामाला येऊ शकतो. टिपण बघून घेता का?"

भाऊ पान हातात घेतो. दहापैकी सहा वेळा तरी बसायला सांगतो, हा माझा त्या टेबलामागून घेतलेला अनुभव आहे. दुपारी साडेतीन-चारला जा, सकाळची गर्दी ओसरलेली असते. सोमवार टाळा.

ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहायचं असेल तर एवढंच पुरे:

"नमस्कार ताई, मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात बी.ए. तृतीय वर्षाला आहे. आपल्या संस्थेचा हिंगणा तालुक्यातला पाणी प्रकल्प सीएसआर अहवालात वाचला. मला माहिती-नोंदणीचं काम करायचं आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दिवसाला चार तास, १५ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर. सोबत मी केलेलं २० घरांचं सर्वेक्षण आणि एक पानी बायोडाटा जोडला आहे. मंगळवारी दुपारी फोन केला तर चालेल का?"

प्रकल्पाचं नाव आणि तालुका खरा हवा, स्वतः वाचलेला हवा. सात दिवस उत्तर आलं नाही तर एक आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढच्या नावाकडे वळा.

नेहमीच्या चुका: एकच मेसेज दहा ठिकाणी पाठवणं आणि संस्थेचं नाव बदलायला विसरणं. एकाच आठवड्यात दोन विरोधी पक्षांच्या कार्यालयात अर्ज देणं. नागपूर मोठं असलं तरी ही कार्यालयं एकमेकांना ओळखतात. वडिलांना सोबत आणणं. काकांच्या ओळखीने यायला हरकत नाही, पण ओळख दारापर्यंतच नेते, पुढे टिपणच बोलतं.

टप्पा ६: रुजू होण्याआधी अटी लिहून घ्या

"आपलंच ऑफिस आहे, लिहायचं काय त्यात" असं ऐकायला मिळेल. तरी लिहा. पत्र मिळत नसेल तर स्वतः एक नम्र मेसेज करा, "आज ठरल्याप्रमाणे", आणि त्याला होकार घ्या. त्यात या गोष्टी असाव्यात: काम काय, दिवस आणि तास, कोणाला रिपोर्ट करायचं, मानधन आहे की नाही, प्रवासखर्च, शेवटची तारीख, प्रमाणपत्रात तास लिहिणार का.

पैशाबद्दल सरळ बोला. राजकीय कार्यालयात विद्यार्थ्याला मानधन क्वचितच मिळतं. संस्थेत ते प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तरतूद आहे का यावर अवलंबून असतं. एफसीआरएखाली तर परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा २०२० पासून आहे, त्यामुळे मोठी दिसणारी संस्थाही हात आखडता घेते. मानधन नसेल तरी प्रवासखर्च मागाच. रोज जाण्या-येण्याला ८० रुपये धरले आणि महिन्यात १२ दिवस, तर ९६० रुपये होतात. बाहेरगावाहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलासाठी ती छोटी रक्कम नसते. फुकट काम परवडत नसेल तर तसं सांगून कमी दिवस घ्या, त्यात कमीपणा नाही.

अभ्यासक्रमातल्या श्रेयांकांसाठी (क्रेडिट) इंटर्नशिप करत असाल तर रुजू होण्याआधी महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांची लेखी मान्यता घ्या. यूजीसीच्या चौकटीत एक श्रेयांक म्हणजे ३० तास. चार श्रेयांकांना १२० तास. काम आधी आणि मान्यता नंतर असं झाल्यावर तास नाकारले गेलेले विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे रडत येतात, आणि तेव्हा मी काही करू शकत नाही.

मुलींसाठी, आणि मुलांनीही वाचावं: लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्न आणि स्वयंसेवकांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तिचं नाव-फोन पहिल्याच दिवशी विचारा. लहान कार्यालयात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी. रात्रीच्या सभा, दौरे, दुसऱ्या गावी मुक्काम यांबद्दल आधीच बोला: सोबत कोण, गाडी कोणती, परतीची वेळ काय. घरी कोणा एकाला रोजचा पत्ता माहीत असू द्या.

टप्पा ७: पहिले पंधरा दिवस

पहिला आठवडा रजिस्टर वाचण्यात घालवा. आवक-जावक रजिस्टर किंवा संस्थेचे मागचे तीन मासिक अहवाल. कोणत्या भागातून कोणती तक्रार पुन्हा पुन्हा येते, कोणतं पत्र उत्तराविना पडून आहे. मी इंटर्नला पहिल्या दिवशी एकच काम देते: दोन महिन्यांपूर्वीची दहा प्रलंबित पत्रं घ्या आणि फोन करून प्रत्येकाची स्थिती लिहा. फोनवर "मेडिकल"मधल्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या खाटेसाठी वाट बघणारा माणूस असतो, कधी तो आता नाही असं त्याची मुलगी सांगते. त्या फोननंतर इंटर्नच्या कामात जो फरक पडतो तो मला दिसतो.

न चुकता पाळायच्या गोष्टी थोड्याच. कोणाचाही कागद फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, नोंद कार्यालयाच्याच संगणकावर. वस्तीतल्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटो स्टेटसला लावू नका. बालगृहातल्या किंवा अत्याचारग्रस्त मुलांची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायदा २०१५ आणि पोक्सोखाली गुन्हा आहे. बैठकीत ऐकलेलं हॉस्टेलवर सांगू नका. शिफारसपत्रावर सही झाली म्हणजे काम झालं असं लोकांना सांगू नका. "पत्र दिलं आहे, उत्तर आलं की कळवतो" एवढंच म्हणा, आणि खरोखर कळवा.

राजकीय कार्यालयातून संस्थेकडे जायचं असेल, किंवा उलट, तर आधीचं काम लपवू नका. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना राजकीय कामापासून दूर राहावं लागतं, म्हणून त्या विचारतात. तुम्ही समोरून सांगितलं तर अडचण बहुधा होत नाही. सरकारी नोकरीचा विचार असेल तर लक्षात ठेवा, नोकरीत रुजू झाल्यावर कोणत्याही पक्षाचं सदस्य राहता येत नाही.

पडताळणी: पंधराव्या दिवशी वरिष्ठांसोबत दहा मिनिटं मागा. विचारा: काय चुकतंय, आणि पुढच्या महिन्यात मी एकट्याने कोणतं काम पूर्ण करू? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल आणि रोज फक्त चहा-झेरॉक्स चालू असेल, तर एकदा स्पष्ट बोला. महिनाभरात बदल झाला नाही तर निरोप घ्या.

टप्पा ८: इंटर्नशिपवरून नोकरीकडे

संस्थांमधल्या पहिल्या पायरीच्या पदांची नावं ओळखा: कम्युनिटी मोबिलायझर, फील्ड को-ऑर्डिनेटर, एमआयएस असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट. ही पदं प्रकल्पासोबत येतात आणि प्रकल्पासोबत संपतात. म्हणून मुलाखतीत विचारा, निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे? हा प्रश्न न विचारता राहती खोली सोडून चंद्रपूरला गेलेली एक मुलगी चौथ्या महिन्यात परत आली.

फेलोशिपसाठी पात्रता आधी बघा, स्वप्न नंतर. दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप खासदारासोबत संसदीय काम करायला देते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, वय २५ पर्यंत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठी अलीकडच्या जाहिरातीत वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, मराठीचं ज्ञान आणि पूर्णवेळ कामाचा एक वर्षाचा अनुभव मागितला होता. पदवी संपताच अर्ज करणारे इथंच बाद होतात. स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची, ग्रामीण भागात, वय २१ ते ३२. प्रत्येक वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, कोणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

शेवटच्या आठवड्यात तीन गोष्टी करा. अपूर्ण कामांची यादी पुढच्या माणसासाठी लिहून ठेवा: पत्राचा जावक क्रमांक, कोणाशी बोलणं झालं, पुढचा फोन कधी करायचा. प्रमाणपत्रात "उत्तम काम केले" याऐवजी तास आणि प्रत्यक्ष काम लिहून घ्या, उदाहरणार्थ "१२० तास, १८५ तक्रारींचा पाठपुरावा". आणि नमुना म्हणून कोणता मजकूर बाहेर दाखवता येईल ते विचारून, नावं-पत्ते काढून, प्रत घ्या.

आमच्याकडे मागच्या वेळी एक पद निघालं तेव्हा जाहिरात द्यायच्या आधी मी टेबलाच्या खणातली ती हस्तांतराची वही काढली. दीड वर्षापूर्वी गेलेल्या एका मुलीच्या अक्षरात सतरा कामं होती, प्रत्येकापुढे तारीख. पहिला फोन मी तिलाच केला.